कारणातून माय काढायची आहे

भाऊजी, तुमचा फोटो मी मायच्या फोटोशेजारी लावला नाही. समोरच्या भिंतीवर अगदी कोपऱ्यात लावलाय, डावा कान बाजूच्या भिंतीला टेकेल असा. आमचे हे, तुमचे थोरले नाना, म्हणाले, एवढी भिंत मोकळी पडलीय आणि कोपऱ्यात कसला लावतेस. मी म्हटलं, मला तिथंच बरा वाटतो. एरवी त्यांनी तेवढ्यावरून संध्याकाळपर्यंत भांडण पुरवलं असतं, पण अंगात जोरच उरलेला नव्हता. आता मी तुमच्या उजव्या बाजूला बसलेय. मांडीवर साडी आहे, बोटांना टिकल्यांचा गोंद आहे आणि तोंड चालू आहे. तुम्ही म्हणायचात, वहिनीचं तोंड म्हणजे लूमचं खातं, लाइट गेल्याशिवाय बंद पडायचं नाही. बघा, तुम्ही गेलात तरी चालूच आहे.

तुमचं उत्तरकार्य होऊन आठवडा झाला. पाहुणे गावाकडे परतले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला गेली, आणि घर एकदम मोठं झालं. सुरतच्या लिंबायतमधल्या ह्या दोन खोल्या, जिथं आपण अंग चोरून झोपायचो, त्या मोठ्या झाल्या. मला नको आहे एवढी जागा.

त्या सकाळी मी तुम्हाला चहाला हाक मारली आणि तुम्ही उठला नाहीत. मला काही म्हणता काही वाटलं नाही. मार्केटमधली वॉचमनची रात्रपाळी करून आलात की तुम्ही उजवा कान उशीत घालून झोपायचात. मग दारात बँड वाजला तरी तुम्हाला पत्ता नसायचा. डावा कान तर केव्हाचाच गेलेला. हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं, म्हणून मी निवांत. चहा झाकून ठेवला, पुन्हा गरम केला, पुन्हा झाकला. शेवटी म्हटलं, आता उठताय की ओतून देऊ मोरीत? आणि पायाला हात लावला.

पाय गार होता, भाऊजी.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. त्यांना काय जातंय म्हणायला. मला त्या चहाचाच राग येतो. अजून पातेलं घासताना येतो.

मग बाया जमल्या. तुम्हाला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, आणि खोली अशी की तुमच्या उजव्या अंगाला भिंत आणि डाव्या अंगाला दार. त्यामुळे सगळ्या बाया डाव्या बाजूनं बसल्या आणि तिकडूनच गळा काढून रडायला लागल्या. भाऊ रे, फौजी रे, कुठं गेला रे. मी जरा वेळ ऐकलं आणि मग मला राहवेना. म्हटलं, "बायांनो, तिकडून नका बोलू. त्यांना तिकडून ऐकू येत नाही." एकीनं दुसरीकडं पाहिलं. शेजारच्या काकूंनी मला मिठीत घेतलं आणि पाणी आणायला सांगितलं. त्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी ऐकलं नाही. बाजेचं एक टोक मी धरलं, दुसरं नानांना धरायला लावलं आणि तुम्हाला फिरवून घेतलं, उजवा कान बायांकडे येईल असं. नानांनी मुकाट्यानं धरलं. का, ते विचारलं नाही. त्या दिवशी ते काहीच विचारत नव्हते.

मला दीर म्हणून तुम्ही लाभलात ते मी लग्न होऊन आले तेव्हा. तेव्हा तुम्ही तोफखान्यात होतात आणि मी तुम्हाला फक्त फोटोत पाहिलं होतं. मायच्या तोंडी दिवसरात्र तुमचं नाव. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, नैवेद्याला, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात ना, तेव्हा माय पहिली मूठ तुमच्या नावाची घ्यायची, थोरल्याच्याही आधी. आणि ती मूठ जरा जास्तच भरलेली असायची. मी नवी नवरी, पण तोंड तेव्हाही हेच. म्हटलं, माय, तिकडं सीमेवर बसलेल्याला इथला रोट पोचतो का? माय म्हणाली, पोचत नसता तर तो जिवंत राहिला असता का.

आणि एका श्रावणात, कानबाई बसायला थोडेच दिवस राहिलेले, तुम्ही काळी ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभे राहिलात. माय तेव्हा विषमज्वरातून नुकती उठली होती. त्या दुखण्यात नानांनी तुम्हाला तार केली होती, माय सिरियस, लवकर ये. तुम्ही आलात ते कायमचेच आलात. पुढे पोस्टानं कागद आला, आणि बँकेतल्या एका माणसाकडून नानांनी तो वाचून घेतला. आईच्या आजारपणामुळे, घरगुती कारणानं, स्वतःच्या विनंतीवरून नोकरीतून मुक्त. झालं. मायला आभाळ ठेंगणं झालं. गल्लीत, नळावर, भाजीवाल्याजवळ, जिथं उभी राहील तिथं तिचं एकच: "मना लोटन मनाकरता फौज सोडीसन उना." तुम्ही बाजूला उभे असायचात आणि खाली बघायचात. सगळ्यांना वाटायचं, मायसाठी फौज सोडून आलेला पोरगा किती लाजाळू.

मग नानांनी तुम्हाला त्यांच्याच खात्यात, कापडाच्या लूमच्या कारखान्यात, लावून घेतलं. आणि इथंच सगळी गंमत झाली, गंमत कसली, वाटोळं झालं. भाऊजी, दुसऱ्या कुठल्याही घरात तुमचा कान पहिल्याच आठवड्यात उघडा पडला असता. पण हे लूमवाल्यांचं घर. इथं कोणी हळू बोलतच नाही. बारा तास मशीनच्या खडखडाटात काढलेली माणसं घरी येऊनही ओरडूनच बोलतात, निम्मं हातानं सांगतात, समोरच्याच्या ओठांकडे बघतात. "मीठ दे" सुद्धा आपल्याकडे भांडण असल्यासारखं मागतात. त्यात एक माणूस एका कानानं बहिरा, तो कोणाला कळणार? मी मागून हाक मारायचे आणि तुम्ही चालते व्हायचात. मी म्हणायचे, फौजेत जाऊन शेफारलेत, वहिनीला ओ द्यायची लाज वाटते. एकदा चिडून विचारलं, बहिरे आहात का हो? तुम्ही असे हसलात की मीही हसले.

आणि तो बोळा! त्या बोळ्यावरून आपली किती भांडणं झाली असतील. खात्यात जाताना तुम्ही सुताच्या गुंत्याचा बोळा करून कानात घालायचात, आणि घरी आल्यावर तो शर्टाच्या खिशात तसाच. मी शर्ट धुवायला टाकायचे, बोळा पाण्यात फुटायचा आणि सगळ्या कपड्यांना तंतू चिकटायचे. माझं काळं पातळ त्या तंतूंनी पांढरं करून ठेवलंत तुम्ही. मी खिसे तपासायला शिकले. आणि खिशात नेहमी एकच बोळा निघायचा. खात्यातली माणसं हसायची, नाना तर सगळ्यांत जास्त. म्हणायचे, ह्या फौजीचं डोकं बघा, एका कानाला पहारा आणि दुसरं दार सताड उघडं. तुम्ही म्हणायचात, एकच पुरतो. उजव्या कानात घालायचात, कायम उजव्याच. आम्ही हसत राहिलो.

माय गेली तेव्हाचं आता बोलायला हवं.

शेवटचे दिवस ती फार हळू बोलायची. तुम्ही तिच्या उशाशी बसला होता, तिचं तोंड तुमच्या डाव्या अंगाला. मी पायाशी. नाना दवाखान्याची गाडी बघायला गेले होते. मायनं तुमचा हात धरला आणि म्हणाली, "मनामुये तुनी नोकरी गई रे भाऊ. माले माफ कर." मी ऐकलं. आणि तुम्ही नुसती मान हलवलीत. हो नाही, नाही नाही, काहीच म्हणाला नाहीत. ती तुमच्या तोंडाकडे बघत राहिली. मला मनातून इतका राग आला तुमचा! म्हटलं, मरती बाई माफी मागतेय, "नाही गं माय" एवढं म्हणायला काय जीभ झडते का?

तो राग मी तिचे दिवस होईपर्यंत गिळला. मग एक दिवस गच्चीवर गोधड्या वाळत घालताना तुम्हाला सुनावलंच. म्हटलं, तुमच्या मायनं माफी मागितली आणि तुम्ही दगडासारखे बसलात. तुम्ही गोधडी हातात धरून उभे राहिलात. म्हणालात, केव्हा? मी म्हटलं, केव्हा काय, तुमच्या कानाशी! तुम्ही पुन्हा विचारलंत, कोणत्या बाजूनं होती? मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मग तुमचा चेहरा बघितला.

तुम्ही तिथंच टाकीच्या कठड्यावर बसलात आणि मला सगळं सांगितलंत. सरावाच्या वेळी तोफ डोक्याजवळच उडाली, कानातून रक्त आलं, दवाखान्यात राहिलात, मग सांगितलं गेलं की ह्या कानानं तोफेवर चालणार नाही. तेवढ्यात नानांची तार पोचली. ऑफिसात एकानं इंग्रजी कागद पुढं सरकवला, म्हणाला, आई आजारी आहे ना, घरी जायचंय ना, कर सही. तुम्हाला वाटलं रजेचा अर्ज आहे. तुम्ही तर मायच्या काळजीनं निम्मे झालेले, कुठल्याही कागदावर सही केली असती. घरी आलात आणि पोस्टानं कागद आला तेव्हा कळलं, ती रजा नव्हती. कानाचा त्यात शब्द नव्हता. कान गेला म्हणून काढलं असं लिहिलं असतं तर तो कान पेन्शनसकट फौजेच्या अंगावर आला असता. माय आजारी म्हणून लिहिलं, तो मायच्या अंगावर टाकला.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? तुम्ही म्हणालात, वहिनी, ती गावभर काय सांगत फिरत होती ते तुम्ही ऐकलंय ना. तिचं तेवढं एकच सुख होतं. ते कोणत्या तोंडानं काढून घेणार होतो?

आणि ती तिकडं लोकांना मिरवून सांगायची आणि मनात रोज मरत होती की माझ्यापायी पोराचं आयुष्य गेलं. तुम्ही तिचं सुख जपत बसलात, ती तुमच्यापुढे आपलं दुःख झाकत बसली. एका घरात, एका ताटाला ताट लावून जेवणारी माणसं तुम्ही! मी त्या गच्चीवर तुमच्यापेक्षा जास्त रडले.

त्यानंतर तुम्ही ते खूळ डोक्यात घेतलंत. खूळच म्हणायचे मी. बारडोलीच्या साखर कारखान्यावर एक जुना फौजी वॉचमन होता, त्यानं तुम्हाला वकीलबाईंचं नाव दिलं. फौजींसाठी वेगळं कोर्ट असतं म्हणे, मुंबईला. तिथं अर्ज टाकायचा की माझ्या कागदावरचं नोकरी सुटण्याचं कारण बदला. वकीलबाईसुद्धा आधी चक्रावल्या. म्हणाल्या, माझ्याकडं माणसं येतात ती कागदावरचा डाग काढायला. बेशिस्त लिहिलंय, नालायक लिहिलंय, ते काढा म्हणून. तुमचं तर चांगलं लिहिलंय, आईसाठी स्वखुशीनं सोडली. ते घालवून तुम्हाला "नाकाम झाला म्हणून काढला" असं लिहून हवंय?

मीही तेच म्हणत होते, भाऊजी. रोज म्हणत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक तुम्हाला मातृभक्त म्हणतात, कोणी तुमच्याकडे बोट दाखवत नाही, मग हे विकतचं दुखणं कशाला? तुम्ही जेवत राहायचात. एकदा मी फारच लावून धरलं, म्हटलं, पेन्शन हवीय का तुम्हाला, तसं सांगा सरळ. तेव्हा तुम्ही ताट सारलंत आणि म्हणालात, "माले पेन्शन नको, वहिनी. माले कारणमाईन माय काढनी शे."

कारणातून माय काढायची आहे. एवढंच.

मी त्यावरही गप्प बसले नाही. म्हटलं, माय गेली, आता तो कागद तिला कोण वाचून दाखवणार? मेलेल्या माणसाला काय ऐकू जातं? तुम्ही म्हणालात, तिला वाचता तर जिवंतपणीही येत नव्हतं. आणि हसलात. तो वाद आपला तिथंच राहिला. आता मी इथं भिंतीशी बोलत बसलेय, तर खुशाल म्हणा, वहिनी, मेलेल्या माणसाला काय ऐकू जातं? म्हणा ना. एकदा म्हणा.

एक गोष्ट तुम्ही मला शपथ घालून सांगितली होती, की नानांना ह्यातलं काही कळू द्यायचं नाही. मला ते पटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, नाना आयुष्यभर धरून बसलाय की माझ्या तारेमुळे भाऊ नोकरी सोडून आला. मी तोंडानं सांगितलं तर म्हणेल, माझी समजूत घालायला सांगतो. कागद आला की त्याच्या हातात ठेवू. तेव्हा मला उमगलं, नाना तुमच्याशी असे ताठ का वागतात आणि मटणातली चांगली फोड गुपचूप तुमच्याच ताटात का टाकायला लावतात. त्यांनी मला कधी कारण सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. ह्या घरातल्या पुरुषांना बोलायचं म्हटलं की काय होतं, देव जाणे. नानांना एवढंच माहीत होतं की तुमचं कोर्टात पेन्शनचं काहीतरी चाललंय.

मग समोरच्यांचं, म्हणजे फौजेचं, उत्तर आलं. वकीलबाईंनी ते आपल्याला वाचून दाखवलं तो दिवस मी विसरणार नाही. त्यांचं म्हणणं, हा माणूस फौजेतून गेल्यावर वर्षानुवर्षं सुरतेत लूमवर काम करत होता. लूमवर काम करणाऱ्याचे कान जातातच. तेव्हा कान गेला असेल तर तो लूमनं गेला, तोफेनं नाही. घराच्या वळणावर रिक्षातून उतरलो, तिथं खात्यांचा आवाज ऐकू येतो बघा, खडखड खडखड, तिथं तुम्ही थांबलात. म्हणालात, ज्या आवाजात लपलो, त्यानंच माझा घास घेतला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खात्यात गेला नाहीत. पर्वत पाटियाकडच्या मार्केटात वॉचमन म्हणून लागलात. नाना चिडले, चांगलं बसलेलं काम सोडलं म्हणून. तुम्ही त्यांनाही कारण सांगितलं नाही.

पण वकीलबाईंना मी पुढच्या खेपेला बोळ्याचं सांगितलं होतं, आठवतं? माझे कपडे खराब व्हायचे म्हणून मी सहज रडगाणं गात होते. त्या एकदम ताठ बसल्या. म्हणाल्या, थांबा, बोळा उजव्याच कानात? का? तुम्ही म्हणालात, मॅडम, डाव्यात घालून काय करू, तो आधीच गेलेला. राहिलेला एक वाचवायचा होता. त्या म्हणाल्या, अहो भाऊ, हीच तर केस आहे तुमची. लूमनं नेला असता तर आधी दोन्ही कानांत बोळे घातले असतेत. तुमचा उजवा अजून चांगला चालतो, डावा ठार. मग त्यांनी कोर्टाकडून लिहून आणलं की मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासावेत. तारीख मिळाली. तुम्ही तारखेसाठी नवा शर्ट शिवायला टाकलात. मी हसले, म्हटलं, कान तपासणार आहेत, शर्ट नाही. तुम्ही म्हणालात, फौजेच्या डॉक्टरपुढे जायचंय वहिनी, चुरगळलेलं नाही चालत.

शर्ट शिवून आला. तुम्ही गेलात. जो कान दाखवायचा होता तो तापीकाठी जळून गेला, भाऊजी. मला चितेचा धूर बघताना दुसरं काही सुचतच नव्हतं. सगळे म्हणत होते देह मातीचा, आत्मा अमर. मला वाटत होतं, अरे, निदान कान तरी ठेवा. एवढं वेडं झालं होतं डोकं.

आता फ्लेक्सचं सांगते, ते तुम्हाला आवडेल.

तुमच्या उत्तरकार्याच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी मंडळाच्या आप्पांनी मोठा फ्लेक्स बांधला. तुमचा वर्दीतला फोटो, दोन बाजूंना समया, आणि खाली मोठ्या अक्षरात: आईसाठी लष्कराची नोकरी सोडणारा मातृभक्त सुपुत्र. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण ह्यांनी तर अख्खी डेअरी काढली. जेवायला येणारा जो तो थांबायचा, वाचायचा, हात जोडायचा. मी पाण्याची कळशी घेऊन तिथून गेले आणि ती ओळ वाचली. कळशी खाली ठेवली. माझ्या पदराला धागे कापायचा कटर अडकवलेला असतो, तो काढला आणि ती खालची ओळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून काढली.

आरडाओरडा झाला. आप्पा धावत आले, म्हणाले, ताई, काय करता हे, चांगलंच लिहिलंय ना. नाना पंगतीतून उठून आले. त्यांचा चेहरा असा की मला वाटलं, आज लोकांसमोर हात उचलतात. म्हणाले, लाज आहे का, भावाच्या कार्यात? मला शपथ आठवली. पण भाऊजी, कागद आल्यावर सांगू म्हणालात, आणि कागदाच्या आधी तुम्हीच गेलात. मग मी कोणाची वाट बघायची? म्हटलं, "ते खोटं आहे. त्यांनी सोडली नाही. तोफेनं कान गेला म्हणून त्यांना काढलं. माय त्यात कुठंच नव्हती. आणि नाना, तुमची तारही नव्हती."

सगळी गल्ली उभी होती. वाढणारे हातात भाजीची बादली घेऊन उभे होते. नानांनी फक्त एवढं विचारलं, "कोणता कान?" मी म्हटलं, डावा. त्यांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला, तिथं बोट नेलं जिथं तुम्ही बोळा घालायचात, आणि तिथंच रस्त्यात मटकन बसले. एवढा मोठा माणूस, मायच्या वेळी न रडलेला. म्हणत होते, मी हसायचो रे, मी रोज हसायचो.

तुमची शपथ मोडली. मोडली तर मोडली.

वकीलबाई परवा येऊन गेल्या. म्हणाल्या, माणूस गेला म्हणून अर्ज मरत नाही, बायकोपोरं नसली तरी भावाला पुढं चालवता येतो. पण तपासायला कान राहिला नाही, तेव्हा त्या कानाला ओळखणारी माणसं लागतील. शेजारच्या मशीनवर उभा राहणारा आणि घरात कपडे धुणारी. मला वाटलं, नाना म्हणतील, आता कशाला. मीच आजवर म्हणत आले होते ना, आता कशाला. नाना म्हणाले, कुठं सही करू? आणि सही करायच्या आधी त्यांनी अर्जाचा इंग्रजी कागद वकीलबाईंकडून दोनदा वाचून घेतला, शब्द न् शब्द अर्थ विचारत. बाई कंटाळल्या नाहीत. त्यांनी ओळखलं असावं.

तुमचा मार्केटचा शर्ट अजून खुंटीवर आहे. खिशात बोळा आहे, एकच. खातं सोडलंत तरी मार्केटात टेम्पोंच्या हॉर्नपासून उजवा कान वाचवत होतात वाटतं. शर्टाला घामाचा वास येतोय, धुवायला हवा. माझ्यानं होत नाही. यंदा कानबाईला तुमच्या नावाची मूठ घ्यायची नाही, आणि माझा हात आधी तुमच्याच नावाला जाणार, हे मला आत्तापासून माहीत आहे. तुमच्याशी भांडायला कोणी उरलं नाही, भाऊजी. नाना भांडतात, पण त्यांना सगळं ऐकू येतं, त्यात मजा नाही.

आज सकाळी वकीलबाईंचा फोन आला. नानांनी घेतला. फोन ठेवला आणि ते तुमच्या फोटोजवळ गेले. आधी समोर उभे राहिले. मग, मी काही सांगितलं नव्हतं तरी, ते तुमच्या उजव्या कानाकडे सरकले आणि खात्यात बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "लोटन, तारीख पडनी रे. मी जास." कोपऱ्यात का लावलाय हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मीही जाणार आहे. तुमचा नवा शर्ट तसाच घडीत आहे, तो नाना घालणार आहेत, त्यांना जरा घट्ट होतोय. मला इंग्रजी येत नाही, हिंदी मोडकी येते, पण तोंड आहे. साहेब विचारतील, नोकरी सुटायचं कारण काय. मी सांगेन, कान. फक्त कान, साहेब. माय नाही.